भरे गावची अर्धी काळी काच

मुळशीला जाऊन आले म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. धरणात पाणी किती होतं आणि जेवायला कुठे थांबलात. पाणी भरपूर होतं. जेवायला मात्र अशा घरी थांबले, की जिथे पाटावर बसायचीसुद्धा माझी लायकी नव्हती. पहिल्या दिवशी हे मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी ठाऊक झालं, आणि तरीही मी गप्प बसले. आमच्या फोटोग्राफी क्लबच्या वार्षिकांकाला माझ्याकडून प्रवासवर्णन हवं होतं, ते हे असं आहे. तलाव येईल, भाकरीही येईल. पण मला नुसत्या तलावावर लिहून सुटायचं नाही.

मारुंजी, निघण्याआधी

मी तीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं. प्रकाश हा माझा हातखंडा विषय. निवृत्त झाल्यावर मुलाकडे मारुंजीला राहायला आले, चौदाव्या मजल्यावर, आणि कॅमेरा घेतला. दोन वर्षांत क्लबात माझा शब्द चालायला लागला. कुणी नवी लेन्स घेतली, की आधी मॅडमना दाखवा. मला ते आवडायचं, कशाला खोटं बोलू!

निसर्गाचे फोटो काढणाऱ्यांना एक अडचण नेहमीची. आभाळ फार उजळ असतं आणि जमीन काळोखी. आभाळ नीट घ्यावं तर शेतं काळी पडतात, शेतं घ्यावीत तर आभाळ पांढरंफटक. त्यावर उपाय म्हणजे लेन्ससमोर सरकवायची एक चौकोनी पाटी, वर काळी आणि खाली स्वच्छ. आम्ही तिला काच म्हणतो, पण असते ती चष्म्याच्या भिंगाच्या प्लास्टिकची. सगळी खुबी मधल्या भागात. काळेपणा कुठे संपला ते कळता कामा नये.

ही पाटी मिळवताना माणूस रडकुंडीला येतो. पुण्यातल्या दुकानांत विचारलं तर पोरं हसतात. "मॅडम, आता ते सगळं कॉम्प्युटरवर होतं." परदेशी पाटी मागवावी तर दोन-दोन महिने वाट बघा, आणि आली की कोपऱ्याला तडा. ऑनलाइन स्वस्तातली मागवली तर काळं आणि पांढरं यांच्यामध्ये पट्टीने आखल्यासारखी रेघ. एकीचा रंग तर ओल्या फडक्याने पुसताना फडक्यालाच लागला.

अशात आमचे सचिव विद्याधर यांना कळलं, की पिरंगुटजवळच्या भरे गावात एक बाई या पाट्या घरी बनवते. त्यांनी दोन नमुने मागवले. पसंत पडले तर क्लबातल्या सगळ्यांसाठी घ्यायचं ठरलं, आणि तपासायला अर्थातच माझ्याकडे दिले. मी बैठकीच्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या टेकडीचा एक फोटो साधा काढला, एक पाटी लावून काढला. दुसऱ्यात आभाळ चक्क जांभळं! मी ग्रुपवर दोन्ही फोटो टाकले आणि खाली लिहिलं, "आभाळावर स्पष्ट जांभळी झाक. घरगुती मालाचा दर्जा अपेक्षेप्रमाणेच."

ते "अपेक्षेप्रमाणेच" लिहिताना मला फार बरं वाटलं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. क्लबाने बेत रद्द केला. माझा निकाल फिरत फिरत दुसऱ्या चार ग्रुपांवर गेला आणि त्या बाईंकडे येणारी बाकीची गिऱ्हाइकंही गळाली. हे मला तेव्हा कळलं नाही. कळलं असतं तरी मी म्हणाले असते, दर्जा सुधारा.

दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. "मॅडम, भऱ्यावरनं संगीता बोलते. तुमी जांभळं म्हणला व्हता न्हवं? ते आता काढलंय. येऊन बगता का येकदा?"

तलावाकाठी जायचं माझ्या मनात होतंच. म्हटलं, वाटेत त्यांचंही बघू.

भरे, पहिला दिवस

माण ओलांडलं की आयटीवाल्यांच्या चकचकीत इमारती मागे पडतात, आणि घोटवड्याकडे गाडी वळली की दोन्ही बाजूंना भाताची खाचरं लागतात. कापणी चालू होती. कापलेल्या भाताचा वास गाडीच्या बंद काचांतूनही आत येत होता. तो फोटोत येत नाही हे आमच्या छंदाचं मोठं दुर्दैव. मी एका टेम्पोला वाट द्यायला गाडी कडेला घेतली आणि डावं चाक खाचराच्या बांधावरून घसरलं. कापणीच्या दोन बाया विळे कमरेला खोचून धावत आल्या. मी आत बसून चाक फिरवायला लागले, तर एक म्हणाली, "आवं बाई, आत बसून रेटायला लावताय व्हय? उतरा खाली. तुमचंबी वजन हाय की!" उतरले. गाडी निघाली. त्या हसत हसत परत कापायला गेल्या.

संगीताताई फाट्यावर येऊन उभ्या होत्या. पंचेचाळिशीच्या, सडपातळ, बोटांची टोकं राखाडी पडलेली. घरी पोचल्यावर त्यांच्या सासूबाईंनी नाव-गाव काहीच विचारलं नाही. "जेवून आलाय का जेवायचंय?" एवढंच. आमच्या सोसायटीत शेजारच्या दारात जाण्याआधी मेसेज करावा लागतो. इथे अर्ध्या तासात माझ्यापुढे तांदळाच्या गरम भाकरी, घेवडा-वांग्याचं कालवण आणि लसणाची चटणी. मी तीन भाकरी खाल्ल्या. चौथी सासूबाईंनी न विचारता वाढली, तीही खाल्ली.

मग गोठ्याच्या कडेला पत्र्याची शेड दाखवायला नेलं. संगीताताई दहा वर्षं पिरंगुटच्या एका कारखान्यात गॉगलच्या भिंगांना रंग द्यायच्या. वर गडद, खाली फिकं, तसले गॉगल. काम तेच, भिंगाच्या जागी पाटी. गॅसवर स्टीलचं उभट भांडं, त्यात वाफाळता काळा रंग. पाटी रंगात उभी सोडायची आणि अगदी हळू वर ओढत न्यायची. जो भाग जास्त वेळ बुडतो तो गडद होतो.

"हातानं वढली की हात थरथरतो, आन् पट्टा पडतो," त्या म्हणाल्या. "म्हणून ह्ये केलंय."

हे म्हणजे काय, तर वर एक कप्पी. कप्पीवरून दोरा. दोऱ्याच्या एका टोकाला पाटी, दुसऱ्या टोकाला पाण्याने भरलेल्या उंच पाइपात तरंगणारी बाटली, आत थोडी वाळू घालून जड केलेली. पाइपाच्या बुडाला सलाइनची नळी, चाकासकट. थेंब थेंब पाणी गळतं, पाणी उतरतं तशी बाटली खाली, बाटली खाली तशी पाटी वर. सलाइनचं चाक जरा ढिलं केलं की वेग वाढतो. मी बघतच राहिले. विद्यार्थ्यांना शिकवायला असं काही माझ्या डोक्यात तीस वर्षांत आलं नव्हतं.

"कुणी सुचवलं?" मी विचारलं.

"कोण सुचवणार? आत्या, म्हंजी ह्या सासूबाई, दवाखान्यात व्हत्या, तवा बसल्या बसल्या नळीकडं बगत व्हते."

मी त्यांची पाठ थोपटली. खरंच थोपटली, मोठेपणाने. मग म्हटलं, "आणि जांभळं कसं काढलंत?"

"आवं, मला तर जांभळं दिसतच नव्हतं. मालकांना दाखवलं, ते टेम्पो चालवत्यात, त्येंनाबी दिसंना. मग म्हनलं, आपले डोळे आडानी. मॅडमनी मशिनीवर बगितलंय, शिकलेल्या हायेत, जांभळं आसंलच. कंपनीत जांभळं मारायला हिरवं द्यायचो. मग समद्या लॉटला हिरव्यात येक येक बुचकळी दिली." त्यांनी जुन्या साडीच्या घडीत ठेवलेल्या पाट्यांचा गठ्ठा उलगडला. "आता येक सांगते. कंपनीनं परत बोलावलंय. सोमवारी गेटवर हजर व्हायचंय. मी सायेबाला म्हनलं, मॅडम बगू देत. तुमी माल चांगला हाय म्हणला तर मी घरी ऱ्हाते आन् ह्येच करते. न्हाई म्हणला तर सोमवारपासनं कंपनी, आन् ही शेड बंद. कंपनीला दिस जातो आन् हितलं काई व्हत न्हाई."

"उद्या सकाळी तलावावर बघू," मी म्हणाले. परीक्षकाच्या सुरात.

धरणाकाठी, दुसरा दिवस

रात्री त्यांच्याकडेच मुक्काम केला. सकाळी संगीताताई बरोबर आल्या. या पाट्या कुठे लावतात, त्यातून काय दिसतं, ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. पौडच्या पुढे रस्ता चढायला लागला तशा त्या खिडकीला नाक लावून बसल्या. "माझं म्हायेर मुळशीतच," म्हणाल्या, "पर धरण बगायला म्हणून कोण येतंय? लगनाला नायतर मयताला येतो."

पाण्याच्या कडेला उतरलो. नोव्हेंबरातला तलाव सकाळी अगदी स्थिर असतो. पलीकडचे डोंगर अजून सावलीत, त्यांच्या माथ्यावरचं आभाळ उजळलेलं, आणि मधल्या पाण्यात दोन्ही उलटे. बगळे चिखलात उभे होते. मी ट्रायपॉड लावायला पुढे गेले, तो चिखल दिसला त्यापेक्षा खोल निघाला, आणि मी सरळ बसले. कॅमेरा वर धरून बसले एवढंच शहाणपण. संगीताताईंनी मला काखेत हात घालून उठवलं आणि स्वतःच्या पदराने माझा हात पुसला.

पहिला फोटो साधा. दुसरा माझ्याकडच्या जुन्या नमुन्याची पाटी लावून. "आधी आणि नंतर" असं अंकात शेजारी शेजारी छापायचा माझा बेत होता, म्हणून ती बरोबर आणली होती. तिसरा नव्या, सुधारलेल्या पाटीतून.

तिसरा हिरवा आला. आभाळ शेवाळलेल्या टाकीसारखं.

दुसरा, जुन्या पाटीचा, स्वच्छ होता. आभाळ जसं होतं तसं. ढगांची कड दिसत होती, डोंगराची कपार दिसत होती, काळेपणा कुठे संपला याचा पत्ता नव्हता. मी पुन्हा काढला. पुन्हा स्वच्छ. पाटी उलटी फिरवून काढला. स्वच्छ. एवढी सुरेख पाटी मी हातात धरली नव्हती, आणि जगभरच्या पाट्या धरल्यात.

मग मला घरचा तो दिवस आठवला. पहिला फोटो मी खिडकी उघडून काढला होता. नंतर वारा सुटला, लेन्ससमोरची पाटी हलायला लागली, म्हणून मी खिडकीची काच ओढून घेतली आणि दुसरा फोटो काचेतून काढला. त्या काचेवर मुलाने उन्हासाठी फिल्म चिकटवून घेतलीय. घरात बसून बसून डोळ्यांना तिचा रंग कळेनासा झालाय. कॅमेऱ्याला कळला. दोन फोटोंत एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तेच ठेवायचं, हे मी अकरावीच्या पहिल्या तासाला शिकवायचे. न पाळणाऱ्या मुलांना प्रयोगशाळेबाहेर उभं करायचे.

आणि संगीताताई माझ्या खांद्यावरून कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघत होत्या.

"ह्ये हिरवं दिसतंय न्हवं?" त्या म्हणाल्या. "आन् ही आदीची पाटी का? ही तर साफ हाय की. मग आदीचीच बरी व्हती की, मॅडम?"

आता हे वाक्य वाचणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारावं, इथे काय बोलायला हवं होतं. मला ते ठाऊक होतं. तोंडात आलंही होतं. आणि मी म्हणाले, "पाण्यावरचा उजेड फसवा असतो. इथे नक्की सांगता येत नाही. मला घरी जाऊन बघावं लागेल."

तीस वर्षं प्रकाश शिकवलेल्या बाईने प्रकाशाच्या नावावर खपवलेली ही थाप. आणि त्यांनी ती खरी मानली! मान डोलावून म्हणाल्या, "आसंल. तुमाला म्हाईत."

परत येताना त्या मला वाटेतली देवराई दाखवत होत्या, कुठल्या ओढ्याला खेकडे चांगले लागतात ते सांगत होत्या. मी हूं हूं करत होते. भऱ्याला सासूबाईंनी पिशवीत नवे तांदूळ बांधून ठेवले होते. मी नको नको म्हणत ते घेतले. नको म्हणण्याचं खरं कारण सांगितलं नाही. गाडी सुरू करताना संगीताताई म्हणाल्या, "आयतवारपतुर सांगा म्हंजी झालं. सोमवारी जायाचं का न्हाई, ते ठरवाय लागंल."

पुन्हा मारुंजी

घरी आल्या आल्या चपलाही न काढता खिडकी बंद केली आणि पाटी न लावता, नुसत्या लेन्सने टेकडीचा फोटो काढला. जांभळा. खिडकी उघडून काढला. स्वच्छ. सून चहा घेऊन आली आणि म्हणाली, "आई, चिखलाचे पाय!" मी तिथेच खुर्चीत बसले.

तेवढ्यात विद्याधरांचा फोन. "काय मॅडम, तुम्ही सांगितल्यावर माल सुधारला म्हणे? तुमच्यासारखं कोणी कान उपटणारं हवंच या लोकांना."

मी काय म्हणाले असेन? "हो, बघू, फोटो तपासतेय." दुसऱ्यांदा. शनिवारभर मी मनात पळवाटा शोधल्या. नवा हिरवा माल नापास करावा आणि "मूळचा नमुनाच तुलनेने बरा" असं लिहावं. म्हणजे त्यांचंही भागेल, माझंही. आपलं ठेवायचं झाकून! ते लिहूनही काढलं. वाचलं, आणि स्वतःची शिसारी आली. एका बाईने तिचे चांगले डोळे माझ्या शब्दाखातर खोटे ठरवले होते, आणि मी अजून शब्दच जुळवत होते.

पुन्हा भरे, रविवार

तोच रस्ता, तीच खाचरं, आता बरीचशी मोकळी झालेली. कॅमेरा घरी ठेवला होता. संगीताताई शेडमध्ये होत्या. भांडं घासून पालथं घातलं होतं, पाइप रिकामा.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. खिडकी, फिल्म, वारा, सगळं. "तुमच्या पाटीत जांभळं नव्हतंच. माझ्या घराच्या काचेत होतं. आणि परवा तलावावर मला ते कळलं होतं. तेव्हाच कळलं होतं, तरी मी बोलले नाही. खोटं बोलले."

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी रडेन असं मला वाटलं, आणि आता रडून यांनाच माझी समजूत घालायला लावू नये म्हणून ओठ दाबून उभी राहिले.

"म्हंजी मला दिसत व्हतं ते बराबर व्हतं," संगीताताई म्हणाल्या.

"हो."

"आन् मी चांगल्या मालाला हिरवं फासलं."

"हो. माझ्यामुळे."

"तुमच्यामुळं न्हाई. मी माझ्या डोळ्यावर इस्वास ठिवला न्हाई, ते माझं." मग एकदम आवाज चढला. "पर मॅडम, ह्ये मला सांगून काय उपेग? मी काय कुणाला बोलले व्हते? ज्येंला ज्येंला सांगितलंय त्येंला सांगा."

"सांगते. घरी जाऊन लिहिते."

"हितं लिवा."

मी शेडच्या उंबऱ्यावर बसून फोनवर लिहिलं. त्या म्हणाल्या, वाचून दाखवा. मी वाचलं, "भरे येथील फिल्टरच्या चाचणीत काही त्रुटी राहून गेल्याचे निदर्शनास आले आहे."

"कुणाच्या निदर्शनास? आन् त्रुटी काय आपली आपण ऱ्हायली?"

मी खोडलं. दुसऱ्यांदा लिहिलं, "मी चाचणी चुकीची घेतली. एक फोटो उघड्या खिडकीतून काढला, दुसरा रंगीत फिल्म लावलेल्या काचेतून. जांभळा रंग माझ्या खिडकीचा आहे. संगीताताईंची पाटी निर्दोष आहे, मी पाहिलेल्या सगळ्या पाट्यांत उत्तम आहे. 'अपेक्षेप्रमाणेच' हा शब्द मी माज म्हणून लिहिला. हे जिथे जिथे पाठवलं असेल तिथे तिथे कृपया हेही पाठवा."

"माज लिवलंय?" त्यांनी विचारलं.

"लिहिलंय."

"मग धाडा."

धाडलं. एरवी माझ्या मेसेजवर अर्ध्या मिनिटात अंगठे उमटतात. त्या दिवशी निळ्या खुणा दिसत होत्या आणि कुणी काही म्हणत नव्हतं. मी फोन पालथा घातला. "आता उद्या कंपनीत नाही ना जाणार?" मी विचारलं. मला होकार हवा होता, अजूनही मला माझ्यासाठीच काहीतरी हवं होतं.

"जाणार," त्या म्हणाल्या. "तुमचं वाचून कोण इल तवा इल. इकायला साफ पाटी येकबी ऱ्हायली न्हाई. नवा माल आनायचा तर पगार लागंल. मग आयतवारी आयतवारी करीन."

सासूबाई आत गेल्या आणि चहा टाकल्याचा आवाज आला. मला तो नको होता आणि नको म्हणायचं तोंडही नव्हतं. साडीच्या घडीतला तो हिरवा गठ्ठा कोपऱ्यात पडला होता. मी म्हटलं, "निदान यातल्या मला द्या. सगळ्या घेते. रीतसर विकत घेते."

संगीताताईंनी गठ्ठा उचलला आणि माझ्या हाताला लागणार नाही असा फळीवर वर ठेवला.

"त्यो रिजेक्ट माल हाय, मॅडम," त्या म्हणाल्या. "खोटा हाय म्हाईत आसून मी कुणाला देत न्हाई."